गिचमिडीतून एक रेष

हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यातून प्रश्न आला आहे. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हाताशी मोबाइल आणि मामाने दिलेला जुना डीएसएलआर. ती लिहिते, ‘काका, मोठ्या शहरांतल्या इमारतींचे ते फोटो मला फार आवडतात, ज्यात इमारत ओळखूच येत नाही. नुसत्या रेषा, सावल्या, एखादा कोपरा आणि बाकी सगळं रिकामं. मी दोनदा नागपूरला जाऊन आले. मेट्रोचे खांब काढले, वर्धा रोडवरचा डबल डेकर पूल काढला. पण माझ्या फोटोत सगळं गिचमिड दिसतं. आणि आमच्या गावात तर काढण्यासारखं काहीच नाही. माझं काय चुकतं?’ रिकामी जागा किती ठेवायची, हेही तिने विचारलं आहे. लांबच्या लेन्सने इमारती सपाट दिसतात असं तिने वाचलंय, आणि माणूस आला की फोटो अमूर्त राहत नाही असं तिला वाटतं. सोबत तिने चार फोटो पाठवले आहेत.

तुझे चारही फोटो लॅपटॉपवर मोठे करून पाहिले. नजर चांगली आहे हे आधी सांगतो, कारण पुढे बरंच काही सुधारायला सांगणार आहे. चारही फोटोंत एक गोष्ट सारखी आहे. तू जिथं उतरलीस तिथंच उभी राहिलीस, मान वर केलीस आणि चौकटीत जेवढं मावेल तेवढं घेतलंस. दुसऱ्या फोटोत खांब आहे, खांबावर उड्डाणपूल, त्याच्या वर मेट्रोचा मार्ग, खाली सिग्नल, दोन फ्लेक्स, अर्धा ऑटो आणि उसाच्या रसाच्या गाडीची छत्री.

वर्धा रोडवरचा तो पूल मुळातच गुंतागुंतीचा आहे. एकाच रांगेतल्या खांबांवर आधी गाड्यांचा उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, अशी ३.१४ किलोमीटर लांबीची ती रचना. गिनीज बुकात तिची नोंद झाली ती या लांबीमुळेच. एवढं सगळं एका चौकटीत घ्यायचं आणि वर ते शांत दिसायला पाहिजे म्हणायचं, हे जमत नाही. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरला पूल दाखवायचा असतो, म्हणून तो सगळा पूल घेतो आणि त्याचं बरोबर असतं. तुला मात्र त्यातून दोन-तीन आकार उचलायचे आहेत आणि पूल तिथंच सोडून घरी यायचं आहे.

आता तुझा तिसरा फोटो उघड. डावीकडचा वरचा कोपरा सोडून बाकी सगळं दोन्ही हातांनी झाक. काय उरलं? खाली उड्डाणपुलाची कड, काळी, हलकीशी वळत गेलेली. तिच्या वर आभाळाची बोटभर पट्टी. त्याच्या वर मेट्रोच्या मार्गाची दुसरी कड, अगदी सरळ. वाकडी आणि सरळ, मधे उजेड. हा तुझा फोटो आहे. तो तू काढलेला आहेस, फक्त त्याच्या भोवतीचं बाकी सगळं तसंच राहून गेलं.

ही हातांनी झाकायची युक्ती माझी नाही. लुसियाँ हर्वे नावाचे एक फोटोग्राफर होते, जन्माने हंगेरीचे, राहायला पॅरिसला. १९४९ मध्ये ते मार्सेलला गेले. तिथं ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाची मोठी निवासी इमारत उभी राहत होती. हर्वेंनी एका दिवसात तिचे साडेसहाशे फोटो काढले आणि कॉर्ब्युझिएंना पाठवून दिले. पुढे कॉर्ब्युझिए १९६५ मध्ये वारले तोवर हर्वे त्यांच्या इमारतींचे फोटो काढत राहिले, आपल्या चंदीगडच्याही. हर्वे छापलेला फोटो कात्रीने कापत. निम्मा, कधी त्याहून जास्त. एखाद्या भिंतीची कड आणि एक सावली एवढंच उरेपर्यंत कापत. चंदीगडचं काँक्रीट त्यांच्या फोटोत पाहिलं की इमारत किती मोठी आहे हा प्रश्नच डोक्यात येत नाही. कात्री म्हणजे आजचा क्रॉप. तो करायला लाजायचं नाही.

मला हे कळलं ते उशिरा आणि चुकून. १९९८ साल असेल. मी तेव्हा लग्नाचे फोटो काढायचो. नागपुरातल्या एका आर्किटेक्टने नव्या इमारतीचे फोटो काढायला बोलावलं. दोन रोल काढले. इमारत समोरून, बाजूने, गेटमधून, गच्चीवरून, सगळी आली पाहिजे या हिशोबाने. दुसरा रोल संपला, पण त्या काळी छत्तीसच्या रोलवर एखादा सदतीसावा फोटो निघायचा. तो वाया जाऊ नये म्हणून समोरच्या भिंतीवर जिन्याची सावली पडली होती तिच्यावर काढला आणि रोल गुंडाळला. आर्किटेक्टने सगळे प्रिंट टेबलावर मांडले, बराच वेळ पाहिले आणि तो एकच मोठा करून मागितला. म्हणाले, ‘मी जिना काढला होता तेव्हा माझ्या मनात हेच होतं.’ बाकीच्या सत्तर फोटोंत त्यांची इमारत होती आणि त्या एकात त्यांचा विचार होता. त्या दिवसापासून मी इमारतीकडे पाहायची पद्धत बदलली.

शिकवताना मी एक सवय लावतो. बटण दाबायच्या आधी चौकटीत काय आहे ते तोंडाने म्हणायचं, पण वस्तूंची नावं घ्यायची नाहीत. ‘खालून वर जाणारा एक काळा पट्टा, त्याला टेकलेली वाकडी कड, उरलेलं पांढरं.’ असं एका दमात म्हणता आलं तर फोटो आहे. म्हणता म्हणता ‘आणि इकडे एक तार, आणि तिकडे अजून एक’ व्हायला लागलं की दोन पावलं पुढे जायचं किंवा झूम करायचं. तरी जमेना तर कॅमेरा खाली घ्यायचा आणि दुसरीकडे पाहायचं. लोकांसमोर पुटपुटायला सुरुवातीला संकोच वाटेल. वाटू दे.

मग चारही कडा पाहायच्या. नवशिक्यांची नजर मधेच असते आणि फोटो बिघडतो तो कडेला. एखादी रेष कोपऱ्याकडे जाते आणि कोपऱ्याच्या जरा अलीकडे चौकटीबाहेर पडते, तेव्हा पाहणाऱ्याला सतत काहीतरी टोचत राहतं. ती रेष नेमकी कोपऱ्यात उतरव, नाहीतर चांगली लांब ठेव. दोन आकार एकमेकांना जेमतेम चिकटलेले असले तरी तेच होतं. छज्ज्याचं टोक समोरच्या खांबाला अगदी निसटतं शिवतंय, तर एक पाऊल सरक. एकतर एकमेकांवर नीट येऊ देत, नाहीतर मधे फट दिसू दे. तुझ्या पहिल्या फोटोत दिव्याच्या खांबाचं टोक बरोबर पुलाच्या कडेला लागलं आहे. तू वीतभर डावीकडे झाली असतीस तर तो फोटो वाचला असता. वीतभर म्हणतो ते खरंच वीतभर. या कामात पाऊलसुद्धा कधी कधी जास्त होतं.

रिकाम्या जागेबद्दल तू विचारलंस की किती ठेवायची. माप नाही सांगता येणार. पण सकाळी नुकतंच सारवलेलं अंगण आठव. ओल्या सारवणावर कोणी एक पाऊल ठेवलं तर ते किती लांबून दिसतं! अंगणभर पावलं असती तर एकही दिसलं नसतं. रिकामं आभाळ, कोरी भिंत, काळी सावली ही तुझी सारवलेली जमीन. तिच्यावर काय ठेवायचं ते एकच ठरव आणि जमीन डागरहित आहे ना ते बघ. कोऱ्या आभाळात एक कबुतर, एक वायर, एक अँटेना आला की पहिली नजर तिथंच जाते.

आता उभं राहण्याबद्दल. लांबची, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स लावली की इमारती एकमेकींवर चिकटल्यासारख्या सपाट दिसतात, असं तू कुठंतरी वाचलंस. दिसतात, पण ते लेन्समुळे होत नाही, लांब उभं राहिल्यामुळे होतं. वीस फुटांवरून पाहिलं तर पुढचा खांब मोठा आणि मागचा लहान दिसतो. दोनशे मीटरवरून दोन्ही जवळजवळ सारखे. लेन्स त्यातला तुकडा फक्त मोठा करून देते. म्हणून नागपुरात पुलाखाली उभी राहू नकोस. एखाद्या ओळखीच्या घरच्या तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर जा, परवानगी घेऊन, आणि तिथून ५५-२५० मिलीमीटरच्या लांबच्या लेन्सने पाहा. दुसरा फायदा असा की इमारतीच्या निम्म्या उंचीवर आलीस की कॅमेरा वर वाकवावा लागत नाही. खालून वर वाकवला की उभ्या रेषा वरती एकमेकींकडे झुकतात. थोड्याशा झुकलेल्या रेषा चूक वाटतात. रेषा एकतर ओळंब्यासारख्या सरळ ठेव, नाहीतर मुद्दाम इतक्या वाकव की पाहणाऱ्याला शंका राहू नये.

तुझ्या प्रश्नातल्या एका वाक्याशी मी अजिबात सहमत नाही. ‘आमच्या गावात काढण्यासारखं काहीच नाही.’ तुमच्या गावात पाण्याची टाकी आहे ना? मी माझ्या गावच्या टाकीवर अख्खा एक हिवाळा घालवला आहे. सहा खांब, त्यांना बांधणाऱ्या आडव्या बीमची तीन कडी, वर गोल पोट आणि बाजूने वर जाणारी लोखंडी शिडी. पहिले काही दिवस मी रोज सगळी टाकीच काढत होतो. मग एकदा बरोबर मधोमध उभा राहून वर पाहिलं. खांब मधल्या गोलाकडे धावत होते आणि बीमची कडी एकात एक बसली होती. छान होतं, पण फार होतं. तिथून कमी करत करत मी शिडीवर आलो.

ही शिडी टाकीच्या भिंतीपासून फूटभर सुटी असते. डिसेंबरात सकाळी आठच्या सुमारास ऊन बाजूने येतं आणि तिची सावली टाकीच्या गोल पोटावर पडते. शिडी सरळ, पायऱ्या सरळ, पण सावली गोलावरून जाताना प्रत्येक पायरी वाकते. एका बाजूला लोखंडाच्या ताठ आडव्या काड्या, दुसऱ्या बाजूला त्याच काड्या वाकलेल्या, माशाच्या काट्यासारख्या. मागे चुन्याचा फिका रंग आणि त्यावर पाणी झिरपून उमटलेला क्षाराचा एक पांढरा ओघळ. शाळेच्या व्हरांड्यातून २०० मिलीमीटरवर चौकटीत बरोबर तेवढंच मावायचं. पावणेनऊपर्यंत सावली आखडायची आणि चित्र मोडायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ. असे नऊ दिवस गेल्यावर ओघळ, शिडी आणि सावली तिन्ही मला पाहिजे तशी बसली. तो फोटो मुंबईतल्या एका चित्रकाराने पाहिला आणि ही कुठली इमारत म्हणून विचारलं. मी गावचं नाव सांगितलं.

जर्मनीतलं बेर्न्ड आणि हिला बेखर हे जोडपं १९५९ पासून एकत्र काम करत होतं, आणि त्यांनी जन्मभर काढलं काय? पाण्याच्या टाक्या, वाफेचे मनोरे, खाणींवरची यंत्रं, भट्ट्या. मोठ्या कॅमेऱ्याने, समोरून, ढगाळ आभाळाखाली, म्हणजे सावलीच पडू नये. आणि मग एकाच जातीचे नऊ-बारा फोटो शेजारी शेजारी लावायचे. तुझ्या तालुक्यात सायकलने फिरलीस तर महिनाभरात वीस टाक्या होतील. जूनच्या शेवटी आभाळ भरून आलं की सगळीकडे त्यांना हवा होता तसा सपाट उजेड असतो. मी सांगितलेल्या सावलीच्या अगदी उलटा रस्ता आहे हा, पण दोन्ही करून पाहा. आपला कोणता ते हातालाच कळतं.

दुसरी जागा जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. हिंगणघाट म्हणजे कापसाचं गाव, तुला वेगळं सांगायला नको. जिनच्या शेडचे नालीदार टिनपत्रे नीट पाहिलेत का कधी? ऊन समोरून पडलं की ती भिंत नुसती करडी पाटी दिसते. तेच ऊन भिंतीला घासून जायला लागलं की प्रत्येक नाळ अर्धी उजळ, अर्धी काळी होते आणि शंभर फूट भिंतीवर वहीसारख्या रेषा उमटतात. त्यात कुठंतरी गंजलेल्या पत्र्यांमधे नवा चकचकीत एक पत्रा ठोकलेला असतो. आणि दिवाळीनंतर अंगणात कापसाची गंजी लागली की मग बघ. खाली पांढरा मऊ उतार, मागे ताठ काळ्या रेषा. मोठमोठ्या शहरांत लोक ज्या आकारांसाठी काचेचे टॉवर शोधत हिंडतात, ते इथं कास्तकाराच्या बंडीमागे उभे आहेत.

जिनमध्ये मालकाला विचारूनच जायचं, आणि ट्रॅक्टर मागे घेत असतील तिकडे पाठ करून उभं राहायचं नाही. लेन्स तिथं बदलायची नाही. हवेत रुईचे तंतू असतात, एक जरी सेन्सरवर बसला तरी पुढच्या प्रत्येक कोऱ्या आभाळात किड्यासारखा दिसतो. सोबत भावाला किंवा मैत्रिणीला ने. काढलेला फोटो तिथल्या माणसांना लगेच दाखव. हमालांपैकी एकाने मला एकदा सांगितलं, ‘भाऊ, दुपारी चारले या, हे भिंत लई बदलते.’ रोज त्या भिंतीसमोर राबणाऱ्याला तिचं ऊन माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

उन्हाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण शहरातली पुस्तकी माहिती आपल्याकडे नेमकी इथंच फसते. सगळे सांगतात, सकाळ-संध्याकाळ काढा, भर दुपारी काढू नका. झाडं, माणसं, वावर यांच्यासाठी ते खरं. भिंतींसाठी विदर्भातली दुपार सोन्यासारखी आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. हिंगणघाटच्या आसपास तो मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमाराला आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात. जुलैत बहुतेक ढग असतात, म्हणून मेच आपला. घड्याळात बारा वाजून दहाएक मिनिटांनी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या वेळी ऊन उभ्या भिंतीला वरून खाली घासत येतं. गिलाव्यातला प्रत्येक उंचवटा, विटेची प्रत्येक पुढे आलेली कड खाली लांबच लांब काळी रेष सोडते. जी भिंत वर्षभर सपाट वाटली, तिच्यावर पंधरा-वीस मिनिटं पावसाच्या धारांसारखं काहीतरी दिसतं.

डिसेंबरच्या २१-२२ तारखेला याच्या उलट. भर दुपारी सूर्य जवळजवळ ४६ अंशांवरच राहतो. म्हणजे दक्षिणेकडच्या भिंतीवर छज्जा जितका पुढे आला असेल साधारण तितकीच त्याची सावली खाली उतरते. दोन फुटांचा छज्जा, दोन फुटांची सावली. खिडकी, छज्जा आणि सावली यांचे चौकोन त्या दिवसांत मापात बसतात. उत्तरेची भिंत मात्र हिवाळाभर सावलीतच. तिच्यावर ऊन पाहिजे तर उन्हाळ्यातली सकाळ किंवा संध्याकाळ धर, तेव्हा सूर्य उत्तरेकडे सरकून उगवतो आणि मावळतो. या गोष्टी एका वहीत लिहून ठेव. कुठल्या भिंतीला कधी ऊन येतं याची माझी वही वीस वर्षांची आहे आणि कॅमेऱ्यापेक्षा मी ती जास्त जपतो.

एप्रिल-मे मध्ये नऊनंतर लांबच्या लेन्सने जमिनीलगत लांबचं काही काढू नकोस. तापलेल्या जमिनीवरून हवा लहरते आणि सरळ कड पाण्यातल्यासारखी डुलते. लेन्स खराब नाही, हवा तशी आहे. त्या दिवसांत जवळ जा. धुळीने पांढरं झालेलं मे महिन्याचं आभाळ लोकांना आवडत नाही, मला फार आवडतं. काहीही न करता कोरा कागद मिळतो. डोक्याला दुपट्टा, पाण्याची बाटली आणि कॅमेरा सावलीतल्या पिशवीत, एवढं सांभाळ. ४५ अंशांत शहाणपणा आधी, फोटो नंतर.

पॉल स्ट्रँड या अमेरिकन फोटोग्राफरने १९१५ मध्ये न्यू यॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर काढलेला एक फोटो शोधून पाहा. बँकेच्या इमारतीचे प्रचंड काळे चौकोन आणि त्यांच्या पायथ्याशी सकाळच्या उन्हात लांब सावल्या घेऊन चाललेली लहान लहान माणसं. सगळी बँक त्यात नाही, नावही नाही. पण ते काळे चौकोन काय सांगतात ते न सांगता कळतं. आणि माणूस आला म्हणून फोटो अमूर्त राहत नाही, असं जे तुला वाटतं, त्याचंही उत्तर तिथंच मिळेल. माणूस फक्त पुरेसा लहान पाहिजे आणि नेमक्या जागी पाहिजे.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. डीएसएलआर असेल तर आयएसओ १००, एफ ८, कडक उन्हात शटर १/४०० च्या आसपास, तिथून कमी-जास्त. पांढऱ्या भिंतीला कॅमेरा फसतो, तो तिला करडी करून टाकतो. तेव्हा एक ते दीड स्टॉप वाढव (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). सावली काळीभोर पाहिजे असेल तर एक स्टॉप कमी कर. मोबाइलवर एचडीआर बंद कर, कारण तो सावली उजळून टाकतो आणि आपल्याला तीच काळी पाहिजे. ग्रिड चालू ठेव. सगळ्यात रुंद लेन्स वापरू नकोस, दोन किंवा तीन पट असलेली खरी लेन्स असेल तर ती वापर. बोटांनी ताणून केलेला झूम म्हणजे तुकडा कापून फुगवणं, ते घरी येऊनही करता येतं.

पांढऱ्यावर हात बसवायचा असेल तर नागपुरात दीक्षाभूमीच्या स्तूपाकडे जा. शिवदान मल यांनी आराखडा केलेला, २००१ मध्ये लोकार्पण झालेला, १२० फूट व्यासाचा आणि तितकाच उंच, आतून पोकळ घुमट. सकाळच्या बाजूच्या उजेडात त्याच्या वक्रावर पांढऱ्याच्या किती तरी छटा दिसतात, पार करड्यापर्यंत. एक स्टॉप वाढवून आणि न वाढवता, असे दोन्ही काढून फरक पाहा. ती लोकांच्या श्रद्धेची जागा आहे. तिथं लाखो माणसं डोकं टेकवायला येतात. म्हणून बाहेरून, शांतपणे, कोणाच्या वाटेत न येता काढायचं, आणि आत कॅमेरा न्यायच्या आधी विचारायचं.

विचारण्यावरून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका धरणाच्या दरवाज्यांच्या रांगेवर मी दोन दिवस सकाळी काम केलं, न विचारता. तिसऱ्या दिवशी पहारेकऱ्याने अडवलं आणि समोर उभं राहून अख्खं कार्ड पुसायला लावलं. दोन दिवसांचं काम गेलं, पण त्याचं बरोबर होतं. धरण, औष्णिक वीज केंद्र, रेल्वेची हद्द, इथं ‘प्रतिबंधित क्षेत्र’ अशी पाटी असेल तर मागे फिरायचं. कोराडी-चंद्रपूरकडे वाफेचे मनोरे कित्येक किलोमीटरवरच्या सार्वजनिक रस्त्यावरूनही दिसतात. जानेवारीच्या धुवारीत त्यांची कमरेत बारीक झालेली कड एवढी सुंदर दिसते की आत जायची गरजच पडत नाही.

घरी आल्यावर आधी रेषा सरळ कर, मग क्रॉप कर, आणि रंगाचा विचार त्यानंतर. सगळंच काळं-पांढरं करायची घाई नको. रंग काही सांगत नसेल तरच तो काढ. आपल्याकडे चुन्यात नीळ कालवून रंगवलेल्या भिंती आहेत, त्यांच्यावरची दुपारची सावली काळी-पांढरी केली तर निम्मा जीव जातो. तारा सॉफ्टवेअरने पुसायच्या का, असं तू विचारशीलच. मी पुसत नाही. पुसायची सवय लागली की वीतभर सरकायची सवय सुटते. तार टळतच नसेल तर तिलाच फोटोतली एकमेव रेष कर.

पुढचे पंधरा दिवस नागपूरला जाऊ नकोस. गावची टाकी धर, नाहीतर शाळेची भिंत, पण एकच. रोज एका ठरावीक वेळी जा, रोज दहाच फोटो काढ आणि प्रत्येकाच्या आधी चौकटीतल्या आकारांचं ते वाक्य तोंडाने म्हण. पंधराव्या दिवशी दीडशेतले सहा निवड आणि मला पाठव. कुठला का निवडला हे प्रत्येकासोबत एका ओळीत लिही. मग आपण दोघं एखाद्या रविवारी वर्धा रोडला त्या पुलाखाली भेटू. त्याआधी एवढं कर, तिसऱ्या फोटोचा तो डावीकडचा वरचा कोपरा आजच कापून घे आणि वेगळ्या नावाने जपून ठेव.